रूप बदलल्यावर काय उरते? महाभारतातील रूपांतरकथा आणि खरेपणाने जगणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नळाचा बाहुक होतो, अर्जुनाची बृहन्नडा होते, शिखंडिनीचा शिखंडी होतो. या कथा आपण लहानपणी चमत्कार म्हणून ऐकलेल्या असतात. मोठेपणी त्या पुन्हा वाचल्या की चमत्कारापेक्षा त्यांतील माणसांची अडचण अधिक डोळ्यांत भरते. जे आपण आहोत ते सांगता येत नाही आणि जे सांगतो आहोत ते आपण पूर्णपणे नाही, अशा अवस्थेत दिवस काढायचे कसे, हीच ती अडचण. पुढील प्रश्नोत्तरे प्रामुख्याने महाभारताला धरून आहेत. रामायण आणि रोमन कथा यांचा उल्लेख गरजेपुरताच केला आहे.

प्रश्न : रूपांतरकथा म्हणजे नेमक्या कोणत्या कथा?

ज्या कथेत पात्राचे शरीर, लिंग, वय किंवा ओळख बदलते आणि त्या बदलामुळेच कथा पुढे सरकते, ती येथे रूपांतरकथा मानली आहे. पांडवांचा अज्ञातवास स्वतः ठरवून पत्करलेला आहे, नळाचे विद्रूपपण त्याच्यावर लादलेले आहे, तर पुरूने ययातीला दिलेले तारुण्य किंवा स्थूण यक्षाने शिखंडीला दिलेले पुरुषत्व हा देवघेवीचा व्यवहार आहे. देव आणि असुर घटकाभर सोंग घेऊन कोणाला तरी फसवतात, त्या कथा मात्र वेगळ्या. त्यांत बदलणाऱ्याला स्वतःला काहीच सोसावे लागत नाही.

प्रश्न : वेष पालटून राहणे हे ढोंगच नव्हे का? त्यातून खरेपणा काय शिकायचा?

हा आक्षेप रास्त आहे आणि विराटपर्व तो टाळत नाही. मत्स्यदेशाचा राजा विराट याच्या दरबारात युधिष्ठिर आपण कंक नावाचे ब्राह्मण असून पूर्वी युधिष्ठिराचे मित्र होतो, असे सांगतो. सत्यवचनी म्हणून ख्याती असलेल्या माणसाच्या तोंडी हे उघड असत्य आहे आणि ते झाकण्याची खटपट करणारे भाष्य मला पटत नाही. एवढेच लक्षात घ्यावे की द्यूताच्या पणातच बारा वर्षे वनवास आणि तेरावे वर्ष अज्ञातवास असे ठरलेले होते, आणि ओळख पटली तर पुन्हा बारा वर्षे वनात जावे लागणार होते. म्हणजे लपणे हा दिलेला शब्द पाळण्याचाच भाग होता.

खरी गंमत आहे ती प्रत्येकाने कोणते सोंग निवडले यात. ज्या फाशांनी युधिष्ठिराचे राज्य गेले, तेच फासे हाती घेऊन तो कंक होतो, पण आता तो अक्षविद्या, म्हणजे फाशांची विद्या, शिकलेला असतो. वृकोदर भीम बल्लव नावाचा आचारी होतो. अर्जुन इंद्रलोकी चित्रसेन गंधर्वाकडून नृत्यगीत शिकून आलेला असतो, तो राजकन्येचा नृत्यशिक्षक होतो. नकुल घोड्यांकडे जातो, सहदेव गाईगुरांकडे. आणि जिचे केस धरून तिला भर सभेत ओढत आणले होते, ती द्रौपदी सैरंध्री होऊन राणी सुदेष्णेची वेणीफणी करते. परके सोंग कोणीच घेतलेले नाही. राजेपणाखाली दडून गेलेले काहीतरी, कोणाचे कसब, कोणाचा छंद, कोणाची जखम, या निमित्ताने वर आले. म्हणूनच ते वर्षभर निभावले. बारीकसारीक फसवणूक चार दिवस चालते. वर्षभर चालवायचे असेल तर सोंगात आपला काही अंश असावाच लागतो.

प्रश्न : दमयंतीने पाच नळांतून खरा नळ कसा ओळखला?

नलोपाख्यान वनपर्वात येते. द्यूतात सर्वस्व गमावून वनात खिन्न बसलेल्या युधिष्ठिराला बृहदश्व ऋषी ही कथा सांगतात. विदर्भराज भीमाची कन्या दमयंती स्वयंवरमंडपात येते तेव्हा तिला एकसारखे पाच नळ दिसतात, कारण इंद्र, अग्नी, वरुण आणि यम या चौघांनी नळाचे रूप घेतलेले असते. ती देवांना शरण जाते आणि आपण मनाने नळालाच वरले आहे, या सत्याच्या बळावर तो मला दाखवा, असे सांगते. तेव्हा देव आपल्या खुणा उघड करतात. त्यांना घाम येत नाही, त्यांच्या पापण्या लवत नाहीत, गळ्यातील माळा ताज्या आहेत, अंगावर धुळीचा कण नाही आणि पाय जमिनीला टेकलेले नाहीत. पाचवा मात्र ‘छायाद्वितीयो म्लानस्रग् रजःस्वेदसमन्वितः’ असा आहे. त्याच्या जोडीला त्याची सावली आहे, त्याची माळ कोमेजली आहे, तो धुळीने आणि घामाने माखलेला आहे. दमयंती त्याच्या गळ्यात माळ घालते.

निर्दोष दिसणारे चार नळ खोटे ठरतात आणि खरा नळ त्याच्या उणिवांवरून ओळखू येतो. छायाचित्रे घासूनपुसून मांडण्याच्या आजच्या काळात या प्रसंगाचा मुद्दाम उल्लेख करण्याचीही गरज पडू नये, इतका तो बोलका आहे.

प्रश्न : नळाला विद्रूप का व्हावे लागले? ही शिक्षा होती का?

कथा नीट वाचली तर ती शिक्षा वाटत नाही. क्रम पाहावा. स्वयंवराला उशिरा पोहोचलेला कली नळावर डूख धरतो आणि बारा वर्षे संधीची वाट पाहतो. एके दिवशी लघुशंकेनंतर पाय न धुता नळ संध्येला बसतो, तेवढ्या फटीतून कली त्याच्या शरीरात शिरतो. त्यानंतर भाऊ पुष्कराशी द्यूत, राज्याचा नाश, वनवास आणि झोपलेल्या दमयंतीचे अर्धे वस्त्र कापून तिला टाकून जाणे, हे सारे घडते. या संपूर्ण काळात नळ दिसायला देखणाच असतो. कोणी पाहिले असते तर हाच तो नळ असे म्हटले असते, आणि तरी आतला माणूस ताळ्यावर नव्हता.

पुढे वणव्यात अडकलेला कर्कोटक नाग नळाला हाक मारतो. नारदाच्या शापामुळे त्याला हलता येत नसते. नळ त्याला उचलून आगीबाहेर आणतो. नाग म्हणतो, पावले मोजत चल. दहाव्या पावलाला तो नळाला डसतो आणि नळाचे रूप पालटते. उपकाराची ही परतफेड विपरीत वाटते. कर्कोटक मात्र सांगतो, लोकांनी तुला ओळखू नये म्हणून मी तुझे रूप झाकले आहे, आणि ज्याने तुझा घात केला तो माझ्या विषाने तुझ्या आतच होरपळत राहील. शिवाय तो दोन वस्त्रे देतो. मूळ रूप हवे असेल तेव्हा ती अंगावर घ्यायची.

देखण्या नळाच्या आत कली सुखाने राहत होता, कुरूप बाहुकाच्या आत तो जळू लागला. मला या आख्यानातील सर्वांत धारदार गोष्ट हीच वाटते. दिसणे आणि असणे यांचा मेळ असलाच पाहिजे अशी आपली समजूत असते. इथे तो मेळ मुद्दाम तोडला जातो आणि त्या तुटलेपणातच नळाचे सुधारणे सुरू होते. अयोध्येचा राजा ऋतुपर्ण याच्याकडे बाहुक अश्वशाळेत चाकरीला राहतो. पूर्वी त्याचाच सारथी असलेला वार्ष्णेय आता त्याच्या हाताखाली काम करतो, पण त्याला ओळखत नाही. रोज संध्याकाळी बाहुक एकच श्लोक म्हणतो : भुकेने, तहानेने व्याकूळ झालेली, थकलेली ती बिचारी त्या मूर्खाची आठवण काढत आज कुठे पडली असेल? सोबतचा जीवल विचारतो, ही कोणाची गोष्ट? बाहुक सांगतो, होता असा एक मंदबुद्धी माणूस. स्वतःविषयीचे सत्य तो तृतीयपुरुषी सांगतो. राजा असताना त्याने स्वतःला मूर्ख म्हटल्याचे कुठे आढळत नाही.

पुढे दमयंतीच्या माहेरी, कुंडिनपुराला जाताना वाटेत ऋतुपर्ण बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे नुसत्या नजरेने सांगतो. बाहुक रथ थांबवून ती मोजून पाहतो आणि हिशेब जुळतो. मग अश्वविद्येच्या बदल्यात तो अक्षविद्या शिकून घेतो. ती येताच कली विष ओकत बाहेर पडतो आणि बेहड्यात शिरतो. तरीही रूप लगेच परत येत नाही. आतून मोकळा झालेला नळ आणखी काही काळ बाहुकच दिसत राहतो.

प्रश्न : मग नळाला ओळखले कोणी आणि कशावरून?

दमयंतीने, आणि तेही टप्प्याटप्प्याने. तिने आधी ब्राह्मणांकरवी गावोगाव प्रश्न पाठवला होता : ‘क्व नु त्वं कितव छित्त्वा वस्त्रार्धं प्रस्थितो मम’, अरे जुगाऱ्या, माझे अर्धे वस्त्र कापून तू कुठे निघून गेलास? अयोध्येत एका कुरूप सारथ्याने त्याला उत्तर दिल्याचे कळताच तिने दुसऱ्या स्वयंवराचा बनाव रचून ऋतुपर्णाला एका दिवसात बोलावले, कारण इतक्या वेगाने रथ हाकणारा नळच असू शकतो हे तिला ठाऊक होते. मग दासी केशिनी बाहुकावर पाळत ठेवते. ठेंगण्या दारातून जाताना तो वाकत नाही, दारच उंच होते. त्याने पाहताच रिकामी भांडी पाण्याने भरतात. हातात चुरगळलेली फुले अधिकच टवटवीत होतात.

एवढे ऐकूनही दमयंती थांबत नाही. त्याने शिजवलेले मांस मागवून ती चव घेऊन पाहते. मग दोन्ही मुलांना केशिनीबरोबर त्याच्याकडे पाठवते. बाहुक त्यांना कवटाळून रडतो आणि लगेच सावरून केशिनीला म्हणतो, माझीही मुले अशीच आहेत म्हणून डोळे भरून आले, तू इथे वारंवार येऊ नकोस, लोक भलता अर्थ काढतील. ही सारवासारव वाचताना हसू येते आणि पोटात कालवतेही.

चेहरा बदलला, आवाजाची ओळख गेली, नाव गेले. उरले ते हाताचे कसब, हातची चव आणि मुलांना पाहून न आवरलेले रडू. आपण खरे कोण आहोत हे एकट्याने आत डोकावून शोधायचे असते, असे हल्ली सांगितले जाते. या आख्यानात नळाला आपण नळ आहोत हे पूर्ण ठाऊक आहे, पण तेवढ्याने भागत नाही. वर्षानुवर्षे एखाद्याबरोबर जगलेले कोणीतरी लागते, ज्याला आपल्या हातची चव आठवते.

प्रश्न : अर्जुन खरोखर नपुंसक झाला होता की त्याने केवळ वेष घेतला होता?

प्रचलित कथा अशी की अर्जुनाने उर्वशीला नकार दिला, तिने त्याला षंढत्वाचा शाप दिला आणि इंद्राने तो एका वर्षापुरता करून दिला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात अनेक हस्तलिखिते ताडून सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीत उर्वशीचा हा प्रसंग मुख्य संहितेत नाही, तो परिशिष्टात आहे. विराटपर्वाच्या संहितेत मात्र दोन विधाने शेजारी नांदतात. विराट बृहन्नडेची खातरजमा करून घेऊन मगच तिला कन्यांच्या अंतःपुरात धाडतो. पुढे अर्जुन विराटपुत्र उत्तराला सांगतो की मी क्लीब (नपुंसक) नाही, थोरल्या भावाच्या आज्ञेने वर्षभराचे व्रत पाळतो आहे. दोहोंपैकी एकच खरे मानण्याचा हट्ट संहिता धरत नाही, आपणही धरू नये.

वेष ठरवतानाची अर्जुनाची चिंता फार सूक्ष्म आहे. धनुष्याच्या दोरीने दोन्ही हातांवर पडलेले घट्टे लपवणे कठीण, असे तो युधिष्ठिराला सांगतो आणि त्यावर उपाय म्हणून बांगड्या भरायचे ठरवतो. सव्यसाची, म्हणजे दोन्ही हातांनी बाण सोडणारा, असल्यामुळे घट्टे एका नव्हे, दोन्ही हातांवर आहेत. नाव सोडता येते, कपडे सोडता येतात, पण वर्षानुवर्षांचा सराव कातडीत उतरलेला असतो.

कौरव विराटाच्या गाई पळवतात त्या गोग्रहणाच्या वेळी रंगत वाढते. उत्तराचा सारथी म्हणून निघताना बृहन्नडा चिलखत उलटसुलट चढवते आणि राजकन्या हसतात. बाहुल्यांना नेसवायला कौरवांची तलम वस्त्रे आण, असे त्या सांगतात. शमीच्या झाडाखाली अर्जुन आपली ओळख देतो तेव्हा उत्तर पुरावा म्हणून अर्जुनाची दहा नावे विचारतो. लढाई जिंकल्यावर अर्जुन मूर्च्छित कौरवांची वस्त्रे आठवणीने उतरवून आणवतो आणि परतताना पुन्हा बृहन्नडा होऊन ती राजकन्या उत्तरेला देतो. दिग्विजयी योद्ध्याला बाहुल्यांची वस्त्रे विसरता आली असती. शिक्षकाला ती विसरता आली नाहीत. पुढे विराट उत्तरेचा हात देऊ करतो तेव्हा अर्जुन तिला सून म्हणून, अभिमन्यूसाठी स्वीकारतो, कारण तिने त्याच्यावर आचार्य म्हणून विश्वास ठेवला होता. सोंग संपले तरी त्या सोंगात जोडलेले नाते त्याने खोटे ठरवले नाही.

प्रश्न : शिखंडीची कथा ही तृतीयपंथीयांच्या अनुभवाची प्राचीन साक्ष मानता येईल का?

सावधपणे. उद्योगपर्वात भीष्म ही कथा दुर्योधनाला सांगतात. द्रुपदाची कन्या मुलगा म्हणून वाढवली जाते, दशार्णराज हिरण्यवर्म्याच्या मुलीशी तिचा विवाह होतो आणि बिंग फुटते. आपल्यामुळे आईवडिलांवर संकट आले म्हणून ती वनात प्राण द्यायला जाते. तिथे स्थूण यक्ष ठरावीक मुदतीसाठी आपले पुरुषत्व तिला देतो. काम झाल्यावर शिखंडी बोलल्याप्रमाणे ते परत करायला जातो, आणि मधल्या काळात कुबेराच्या शापामुळे ती अदलाबदल शिखंडीच्या मृत्यूपर्यंत कायम झालेली असते. आपल्याला हवे असलेले शरीर परत करायला पायी चालत गेलेला हा माणूस पुढे ‘ज्याच्यावर भीष्म बाण टाकीत नाहीत तो’ एवढ्याच ओळखीने उरतो, हे आपल्या वाचनाचे दारिद्र्य आहे.

त्याच्या कथेत आजच्या अनेकांना आपले दुःख दिसते आणि तसे दिसण्यात गैर काही नाही. मात्र आजच्या माणसाच्या हक्काला महाकाव्याचा दाखला लागत नाही. स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली मान्य केला तो संविधानाच्या आधारावर. पुराणात उदाहरण नसते तरी तो तितकाच वैध असता.

अनुशासनपर्वातील भंगास्वन राजाची गोष्ट त्या मानाने कमी सांगितली जाते. इंद्राच्या रोषामुळे तो सरोवरात स्नान करताच स्त्री होतो. पुढे तुष्ट झालेला इंद्र विचारतो, पुन्हा पुरुष व्हायचे आहे की स्त्रीच राहायचे आहे? ती स्त्रीपणच मागते. तिने दिलेले कारण म्हणजे स्त्रीला मिळणारे सुख अधिक असते, हे आजच्या कसोटीवर वादग्रस्त आहे. पण लादलेला बदल कोणी स्वतःचा म्हणून निवडतो, ही शक्यता तिथे स्वच्छ मांडलेली आहे, आणि मूळ रूपाकडे परतणे म्हणजेच खरेपणा, या सोप्या समीकरणाला ती खोडून काढते.

प्रश्न : अहल्या शिळा झाली होती ना?

वाल्मीकीच्या बालकांडात नाही. तिथे ती केवळ वायू भक्षण करून, राखेत पडून, कोणाच्याही दृष्टीस न पडता तप करीत राहते. शिळेची कथा नंतरच्या परंपरेतून रूढ झाली. दगड होण्यापेक्षा जिवंत असून कोणालाही न दिसणे अधिक भयंकर आहे, असे माझे मत आहे.

प्रश्न : ग्रीक आणि रोमन रूपांतरकथांपेक्षा या कथा वेगळ्या आहेत का?

रोमन कवी ओव्हिड याने इसवी सनाच्या आरंभी रूपांतरांवर पंधरा सर्गांचे काव्य रचले. त्यातील बहुतेक बदल कायमचे आहेत. डॅफ्नीचे झाड होते आणि ती झाडच राहते. अ‍ॅक्टिऑनचे हरीण होते आणि त्याचेच कुत्रे त्याला फाडतात, कारण मन माणसाचे असले तरी वाचा उरलेली नाही. गाय झालेली आयो आपल्या बापासमोर खुराने धुळीत अक्षरे उमटवून ओळख देते, तो प्रसंग मात्र केशिनीच्या परीक्षेच्या फार जवळचा आहे. महाभारतात परतीची वाट बहुधा ठेवलेली असते, मुदत असते, वस्त्र असते. त्यामुळे तिथला प्रश्न ‘आपण काय गमावले’ यापेक्षा ‘मधल्या काळात कसे वागलो’ याकडे अधिक झुकतो.

प्रश्न : मराठी प्रदेशाशी या कथांचा प्रत्यक्ष संबंध आहे का?

आहे. दमयंतीचे माहेर विदर्भ. अमरावती जिल्ह्यातील वर्धा नदीकाठचे कौंडण्यपूर हेच जुने कुंडिनपूर असे परंपरा मानते. रघुनाथ पंडितांच्या आख्यानकाव्यामुळे नळ-दमयंती मराठी रसिकांच्या घरची झाली. दसऱ्याला शमीचे पूजन आणि शस्त्रपूजा करताना अज्ञातवासाची आठवण निघते. पांडवांनी शमीवर शस्त्रे ठेवून तिथे एक प्रेत टांगले होते आणि ही आमची एकशेऐंशी वर्षांची आई, असे गुराख्यांना सांगितले होते, हा तपशील मात्र सणाच्या गोडव्यात सहसा कोणी काढत नाही.

सर्वांत अर्थपूर्ण दुवा कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या १९०७ सालच्या ‘कीचकवध’ या नाटकाचा. प्रेक्षकांनी सैरंध्रीवर डोळा ठेवणाऱ्या कीचकात व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन पाहिला, सैरंध्रीत परवश देश, युधिष्ठिरात मवाळ आणि भीमात जहाल. वेषांतराची कथा स्वतःच वेषांतर करून रंगभूमीवर आली होती. सरकारने ते ओळखले आणि १९१० साली नाटकावर बंदी घातली.

प्रश्न : ऑफिसात एक, घरी एक, नातेवाइकांत तिसरेच असे वागावे लागते. या कथांच्या हिशेबात हे खोटे जगणे ठरते का?

केवळ तेवढ्याने ठरत नाही. कंकही दरबारात वेगळा आणि भावांमध्ये वेगळा वागत होता. कसोटी लावायची तर ती त्याच्याच एका प्रसंगावरून लावावी. विजयाची बातमी येते तेव्हा विराट आपल्या मुलाचे गोडवे गातो आणि कंक पुन्हा पुन्हा म्हणतो, बृहन्नडा सारथी असल्यावर विजय होणारच. राजा चिडून फासा त्याच्या तोंडावर मारतो. कंकाच्या नाकातून रक्त येते, ते जमिनीवर सांडू नये म्हणून द्रौपदी सोन्याच्या पात्रात धरते. आपण कोण आहोत हे कंकाने लपवले होते. ज्याचे श्रेय त्याला देणे मात्र त्याने सोडले नाही, मार खावा लागला तरी. नाव, पद, आवडीनिवडी यांवर पांघरूण घालणे एक, आणि डोळ्यांदेखत चाललेल्या चुकीच्या गोष्टीला मान डोलावणे वेगळे. दुसरी गोष्ट रोज करावी लागत असेल तर मात्र ती जागा सोडण्याचा विचार गंभीरपणे करावा. आणि सैरंध्रीचे विसरू नये : कीचकाने भर सभेत लाथ मारली तेव्हा ओळख उघडी पडू नये म्हणून युधिष्ठिर गप्प राहिला, आणि किंमत तिने मोजली. सोंगाचा भार सर्वांवर सारखा पडत नाही.

प्रश्न : मुळातून वाचायचे तर सुरुवात कोठून करावी?

आधी वनपर्वातील नलोपाख्यान, कारण ते सलग आहे आणि संस्कृतही तुलनेने सोपे आहे. त्यानंतर विराटपर्व. आख्यानाच्या शेवटी बृहदश्व युधिष्ठिराला अक्षविद्या देतात, हे लक्षात ठेवून कंकाचा दरबारातील प्रवेश वाचला की दोन्ही कथांचा सांधा आपोआप दिसतो. शिखंडीसाठी उद्योगपर्वाच्या अखेरचे अंबोपाख्यान पाहावे. संस्कृत येत नसेल तर संपूर्ण मराठी भाषांतर घ्यावे, संक्षिप्त नको. बाहुल्यांची वस्त्रे आणि हातांवरचे घट्टे संक्षेपात सर्वांत आधी गळतात.